माळढोकाचें एकुलतें अंडें

सोलापुराहून बार्शीकडे जाणाऱ्या सडकेनें सुमारें वीस किलोमीटर गेलें म्हणजे नान्नज हें गांव लागतें. गांवाच्या आसपासच्या माळावर प्रथमच येणाऱ्यास तेथें पाहण्यासारखें कांहींच नाहीं असें वाटावें. मुरमाड जमीन, गुडघाभर कुसळी व पवन्या गवत, मधूनच एखादी बोरीची जाळी. सावलीसाठीं झाड शोधावें तर तेंहि दूर. परंतु ह्याच उजाड भासणाऱ्या माळामुळें सोलापूर जिल्ह्याचें नांव पक्षिशास्त्राच्या ग्रंथांत गेलें आहे. माळढोक पक्ष्याचें हें वसतिस्थान होय.

माळढोकाचा नर उभा राहिला म्हणजे मीटरभर उंच भरतो आणि त्याचें वजन पंधरा किलोपर्यंत जातें. उडूं शकणाऱ्या पक्ष्यांत इतके जड पक्षी जगांत थोडेच आहेत. मादी मात्र नराच्या निम्म्या वजनाची. नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरें, भुईमूग, जोंधळा असें मिळेल तें हा पक्षी खातो. म्हणजे शेतकऱ्याचा तो वैरी नव्हे, टोळधाडीच्या दिवसांत तर मित्रच. जुन्या नोंदींत त्याला ‘हूम’ असेंहि म्हटलेलें आढळतें. हें नांव त्याच्या घुमण्यावरून पडलें असावें. पावसाळ्याच्या तोंडाशीं नर माळावरील एखाद्या उंचवट्यावर उभा राहतो, शेपटी पाठीवर उलटी टाकतो आणि गळ्याखालची पिशवी वाऱ्यानें फुगवून जवळजवळ गुडघ्यांपर्यंत लोंबती सोडतो. त्या वेळीं निघणारा खोल, गंभीर हुंकार अर्धा किलोमीटरवरूनहि ऐकूं येतो. हा देखावा पहांटे व सायंकाळीं चालतो. उन्हें तापलीं कीं नर गवतांत दिसेनासा होतो.

मीलन झालें कीं नराचें गृहस्थाश्रमाचें कर्तव्य संपतें. पुढचा सर्व भार मादीवर. ती काडी आणीत नाहीं, पिसाचें अस्तर घालीत नाहीं. उघड्या जमिनीवर किंचित् खोलगट जागा पाहून तेथें एक अंडें घालते. दोन अंडीं क्वचितच. पिवळट-तपकिरी रंगाचें, पुसट ठिपक्यांचें तें अंडें मातीशीं इतकें एकरूप होतें कीं पायाखालीं येईपर्यंत माणसाला त्याचा पत्ता लागत नाहीं. सुमारें सत्तावीस दिवस मादी एकटीच तें उबवते. पिलूं जन्मतःच चालूं लागतें; तरी पुढील विणीच्या हंगामापर्यंत, म्हणजे जवळजवळ वर्षभर, तें आईबरोबरच राहतें. अर्थात् एका मादीच्या वर्षभराच्या कष्टाचें फळ एक पिलूं, आणि तेंहि वांचलें तर.

तें वांचणें किती कठीण आहे! घोरपड, मुंगूस, कोल्हा, कावळा हे तर पूर्वापार शत्रू. गुरांचा कळप अंड्याच्या रोखानें आला तर मादी उठून पंख पसरते व पाय लोंबते सोडून घायाळ झाल्यासारखी अडखळत उडते. शत्रूचें लक्ष आपल्याकडे वेधावें हा त्यांतील हेतु. ही युक्ति कोल्ह्याला कदाचित् फसवील. गांवाभोंवतालच्या मोकाट कुत्र्यांच्या टोळीपुढें ती काय टिकणार? मनुष्याचें कुतूहलहि तितकेंच घातक. छायाचित्राच्या हौसेनें कोणी घरट्याशीं गेला कीं मादी अंडें सोडून दूर जाते, आणि तेवढ्या अवकाशांत कावळा आपलें काम साधतो. ह्याकरितां जाणते निरीक्षक निरीक्षण-मनोऱ्यावरून दुर्बिणीनेंच पाहतात आणि विणीच्या दिवसांत माळावर पाय ठेवीत नाहींत.

येथें दुसऱ्या एका पक्ष्याची आठवण होते. भीमेवरील उजनीच्या जलाशयावर हिवाळ्यांत मीनखाई घार येते. तिचें घरटें मात्र दूर उत्तरेच्या देशांत, उंच झाडाच्या शेंड्यावर असतें. बहुधा तीन अंडीं, आणि नर-मादी दोघेंहि संसारास झटणारीं. तिच्यावरहि संकटें आलींच. डीडीटी ह्या कीटकनाशकाचें विष माशांतून तिच्या शरीरांत गेलें, अंड्यांचीं कवचें पातळ झालीं आणि उबवितांना फुटूं लागलीं. अमेरिकेनें १९७२ सालीं त्या विषावर बंदी घातली, खांबांवर लाकडी मंच बांधून दिले, आणि घारींनीं ते निमूटपणें स्वीकारले. स्कॉटलंडमधून ती नाहींशी झाली होती. १९५४ च्या सुमारास पुन्हां येऊन तिनें घरटें केलें. १९५८ सालीं अंडीं चोरांनीं पळविलीं, तेव्हां पक्षिप्रेमींनीं अहोरात्र पहारा बसविला. माळढोकाला असा मंच बांधून देतां येत नाहीं. त्याला मंच नको, विस्तीर्ण गवताळ माळच पाहिजे. आणि नेमकी तीच वस्तु दुर्मिळ झाली.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें माळढोकाची शिकार बंद झाली, आणि १९७९ सालीं सोलापूर व त्या वेळचा अहमदनगर ह्या जिल्ह्यांतील सुमारें ८,४९६ चौरस किलोमीटर प्रदेश अभयारण्य म्हणून जाहीर झाला. कागदावर हें क्षेत्र भव्य होतें. प्रत्यक्षांत त्यांत गांवें, शेतें, बाजारपेठा सर्व कांहीं आलें, आणि खरा माळ तुकड्यातुकड्यांनीं विखुरलेला. जमिनीच्या व्यवहारावर निर्बंध आले तेव्हां ज्या शेतकऱ्यानें माळढोक कधीं डोळ्यांनींहि पाहिला नव्हता त्याला त्या पक्ष्याचा राग येऊं लागला. ह्यांत शेतकऱ्याला दोष देणें अन्यायाचें आहे. पुढें २०१२ सालीं हें क्षेत्र सुमारें १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणण्यांत आलें. परंतु मधल्या काळांत कालव्यांचें पाणी आलें होतें आणि जोंधळ्याच्या जागीं ऊंस उभा राहिला होता. उंसाच्या फडांत माळढोकाला ना दिसतें, ना धांवतां येतें. भर म्हणून ‘पडीक’ माळावर गिरिपुष्पासारखीं झाडें लावण्यांत आलीं! वृक्षारोपण हें पुण्यकर्म खरें. पण गवताच्या घरांत झाड म्हणजे आगंतुकच, आणि शिकारी पक्ष्यांना बसावयास आयती फांदी.

याखेरीज विजेच्या तारा. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंस असतात. समोरचें त्याला फारसें दिसत नाहीं, आणि जड देहामुळें उडतांना ऐन वेळीं वळतां येत नाहीं. राजस्थानांत अशा तारांवर आदळून अनेक पक्षी मेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें व २०२१ सालीं तारा भूमिगत करण्याविषयीं आदेश झाला. २०२४ सालीं त्यांत फेरफार होऊन विषय तज्ज्ञांच्या समितीकडे गेला.

१९६९ च्या सुमारास देशांत बाराशेंवर माळढोक असावेत असा अंदाज होता. आज ते दीडशेंच्याहि आंत आहेत, आणि त्यांतील बहुतेक सर्व जैसलमेर भागांत. नान्नजला गेल्या कांहीं वर्षांच्या गणनांत एखाद-दुसराच पक्षी दिसतो. कच्छांत थोड्या माद्या उरल्या आहेत, नर नाहीं. नरावांचून मादीनें अंडें घातलें तरी तें उबवून उपयोग काय? म्हणून २०१९ पासून राजस्थानांत रानांतील अंडीं गोळा करून यंत्रांत उबविण्याचा उपक्रम चालू आहे, आणि ऑक्टोबर २०२४ मध्यें कृत्रिम गर्भधारणेनें पहिलें पिलूं जन्मास आलें. मनुष्याच्या हातून घांस घेतलेलीं हीं पिलें मनुष्याला भीत नाहींत, त्यामुळें तीं स्वतः रानांत सोडण्यासारखीं नाहींत. त्यांच्या पोटीं होणारीं पिलें मोकळीं सोडावीं असा शास्त्रज्ञांचा बेत आहे. मादी वयांत येण्यास तीन-चार वर्षें आणि नर त्याहूनहि अधिक वर्षें घेतो.