परदेशात रिटायर होताय? गोल्फ क्लबची मेंबरशिप घेण्याआधी हे गणित करा



ब्रेक-इव्हनच्या व्हिडिओत मी शेवटी माझ्या मामांचा आणि त्यांच्या गोल्फ क्लबचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, तो किस्सा पूर्ण सांगा ना." तर हा घ्या.

तुम्ही म्हणाल, आम्ही इथे दुकान टाकायच्या भानगडीत, आणि सर गोल्फचं सांगतायत! थांबा जरा. मोठी रक्कम आधी भरायची आणि तिचा फायदा पुढे कित्येक वर्षं थोडा थोडा घ्यायचा, असे निर्णय धंद्यात पावलोपावली येतात. दुकानाचं डिपॉझिट, फ्रँचायझी फी, मशीनचं कॉन्ट्रॅक्ट ही त्याचीच उदाहरणं. गोल्फच्या मेंबरशिपमध्ये हे गणित इतकं स्वच्छ दिसतं की एकदा कळलं की विसरणार नाही.

मामा आणि हुआ हिन

माझे मामा मर्चंट नेव्हीत इंजिनियर होते. गोल्फचा नाद तिकडेच लागला. 61व्या वर्षी रिटायर झाल्यावर त्यांनी आणि मामींनी ठरवलं, वर्षातले दहा महिने थायलंडमध्ये हुआ हिनला राहायचं आणि दोन महिने सांगलीत.

हुआ हिन बँकॉकपासून साधारण 200 किलोमीटरवरचं समुद्रकाठचं गाव. थायलंडच्या सगळ्यात जुन्या गोल्फ मैदानांपैकी एक, रॉयल हुआ हिन, इथेच आहे. 1924 साली सुरू झालेलं, अगदी रेल्वे स्टेशनला लागून. आसपास आणखी बरीच मैदानं आहेत. जॅक निक्लसने डिझाइन केलेलं स्प्रिंगफील्ड आहे, एशियन टूरच्या स्पर्धा झालेलं ब्लॅक माउंटन आहे. गोल्फवाल्या रिटायर माणसाला हे गाव का आवडतं, ते कळलं असेल.

पहिल्याच ट्रिपमध्ये मामा एका क्लबच्या सेल्स ऑफिसात बसले. छान गार ज्यूस, समोर हिरवंगार मैदान, "सर, लाइफटाइम मेंबरशिप, ही ऑफर याच महिन्यात." टोकन भरायच्या आधी त्यांनी मला फोन लावला. म्हणाले, "तू बीबीए झालायस ना, जरा बघ रे हे." नशीब माझं आणि त्यांचंही!

मी होम अप्लायन्सेसचं दुकान चालवतो. एक्स्टेंडेड वॉरंटी मी स्वतः विकतो. त्यामुळे एक गोष्ट छातीठोक सांगतो: माणूस सगळ्यात आनंदात असतो तेव्हाच त्याला पुढच्या पाच वर्षांचं काहीतरी विकता येतं. नवा फ्रिज बघताना कुणी हिशोब करत नाही. सुट्टीवर गेलेला माणूस तर अजिबात करत नाही.

आधी बिल फोडून बघा

एका खेळाचं, म्हणजे 18 होलच्या एका राउंडचं बिल थायलंडमध्ये असं बनतं: मैदान वापरायची ग्रीन फी, कॅडीची फी, कॅडीची टिप आणि घेतली तर कार्ट. तिथे जवळजवळ सगळीकडे कॅडी घ्यावीच लागते आणि टिप वेगळी द्यायची रीत आहे. कार्ट काही ठिकाणी सक्तीची, काही ठिकाणी ऐच्छिक.

आता मुद्दा बघा. मेंबरशिप घेतली की यातली साधारणपणे फक्त ग्रीन फी माफ होते. कॅडी, टिप, कार्ट चालूच राहतात. मामा समजत होते, "मेंबर झालो की खेळणं फुकट." नाही हो!

पुढचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. तुम्ही तुमचे घाला. समजा, सीझनमध्ये ग्रीन फी 2,500 बाट आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी गर्दीचा काळ. मे ते ऑक्टोबर दर उतरतात, आठवड्यातले काही दिवस खास स्वस्त असतात. म्हणून वर्षाची सरासरी 1,800 बाट धरू. कॅडी 400, टिप 400, कार्ट 700. एकूण 3,300 बाट. त्यातले 1,500 मेंबरलाही भरायचेच आहेत.

ब्रेक-इव्हन

समजा वार्षिक मेंबरशिप 90,000 बाट. भागिले 1,800. म्हणजे 50 राउंड. वर्षात 50 पेक्षा जास्त वेळा त्याच मैदानावर खेळलात तर फायदा, कमी खेळलात तर तोटा.

सेल्सवाला मात्र भागाकार 2,500 ने करतो आणि 36 म्हणून सांगतो. सीझनचा दर वर्षभर लावायचा, ही त्याची युक्ती. तुम्ही नेहमी सरासरी दर घ्या.

आता मामांचे राउंड मोजू. वर्षाचे 52 आठवडे. त्यातले 8 सांगलीत. पाऊस, ऊन, आजारपण, पाहुणे यांचे 4 सोडा. राहिले 40. आठवड्यातून दोनदा खेळायचं म्हटलं तर 80 राउंड. मी विचारलं, "मामा, दोन्ही वेळा एकाच मैदानावर?" ते म्हणाले, "छे! मग हुआ हिनला कशाला जायचं? एकदा इथे, एकदा दुसरीकडे."

म्हणजे त्या मैदानावर राउंड किती? 40. हवेत 50. मेंबरशिप तोट्यात!

पण तेच मामा आठवड्यातून तीनदा खेळले, दोनदा घरच्या मैदानावर आणि एकदा बाहेर, तर 80 राउंड होतात आणि मेंबरशिप मस्त परवडते. म्हणून "मेंबरशिप चांगली की वाईट" हा प्रश्नच चुकीचा आहे. आपली वापरायची सवय काय, हा प्रश्न बरोबर.

आता ती लाइफटाइम ऑफर. समजा 9 लाख बाट एकरकमी, शिवाय दरवर्षी 30,000 मेंटेनन्स. मामांचे 40 राउंड सुटे पैसे भरून खेळले तर ग्रीन फी वर्षाला 72,000. मेंटेनन्स वजा केला की वाचतात 42,000. नऊ लाख भागिले 42,000, म्हणजे 21 वर्षांहून जास्त. तेही नऊ लाखांवरचं व्याज सोडून!

मी फोनवर म्हटलं, "मामा, पैसे वसूल व्हायला तुम्हाला 82 वर्षांपर्यंत आठवड्याला खेळावं लागेल." पलीकडे दोन मिनिटं शांतता. मग मागून मामींचा आवाज आला, "मी तेच सांगत होते."

कराराची मुदत आणि खात्रीची मुदत

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. आपल्याला जेवढ्या काळाची खात्री आहे, त्यापेक्षा लांब करार करू नका.

थायलंडमध्ये निवृत्त म्हणून राहायला वय निदान 50 लागतं. तिथल्या बँकेत 8 लाख बाट ठेवा किंवा महिना 65,000 बाट उत्पन्न दाखवा, हे नेहमीचे दोन मार्ग. आणि मुक्कामाची मुदत वाढवून मिळते ती वर्षावर्षाने. राहायची परवानगी एक वर्षाची आणि क्लबचा करार तीस वर्षांचा! हे जुळतंय का?

शिवाय ते 8 लाख मोकळे नाहीत. मुदतवाढीच्या अर्जाआधी दोन महिने आणि मंजुरीनंतर तीन महिने ते पूर्ण खात्यात हवेत, उरलेल्या काळात निदान 4 लाख तरी हवेत. मामा मेंबरशिपचा मोठा भाग याच रकमेतून भरणार होते. धंद्याच्या भाषेत सांगायचं तर सिक्युरिटी डिपॉझिटला वर्किंग कॅपिटल समजत होते. आणि भारतात राहणारा माणूस बाहेर पैसे पाठवतो तेव्हा आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, ती व्हिसाची रक्कम आणि मेंबरशिप दोन्ही मिळून.

या बाबतीत माझी स्वतःची कथाही सांगतो. 2019 मध्ये मी दुसरी शाखा काढली आणि मालकाने भाडं थोडं कमी केलं म्हणून पाच वर्षांच्या लॉक-इनवर सही केली. चौदाव्या महिन्यात शाखा बंद केली. भाड्यात वाचलं त्याच्या कित्येक पट सुटका करून घेण्यात गेलं. तेव्हा हा नियम कुणी सांगितला असता तर!

मैदान चांगलं आहे हे कसं ओळखायचं?

स्वस्त म्हणून खराब मैदान घेतलं तर जाणंच बंद होतं. मग सगळा ब्रेक-इव्हन गेला. म्हणून सही करण्याआधी त्याच मैदानावर पैसे भरून निदान चार-पाच वेळा खेळा, आणि वेगवेगळ्या वेळी.

- पावसानंतर जा. पाणी किती वेळात ओसरतं, त्यावर मैदानाचा निचरा कळतो. सीझनच्या फोटोत हे दिसत नाही.
- ग्रीन बघा. शेवटचा फटका जिथे मारतात ते बारीक गवताचं ग्रीन म्हणजे मैदानाचा जीव. चेंडू सरळ, एकसारखा गेला पाहिजे. देखभालीसाठी ग्रीनला भोकं पाडतात, ते काम वर्षातून किती वेळा आणि कधी होतं ते विचारा.
- 27 किंवा 36 होल आहेत का? असतील तर एक भाग दुरुस्तीला काढला तरी खेळ चालू राहतो.
- शनिवारी सकाळी घड्याळ लावा. राउंड चार-साडेचार तासांत झाला तर ठीक. साडेपाच तास लागले तर क्लबने मेंबर जास्त भरलेत.
- कॅडींशी बोला. बऱ्याच जणी वर्षानुवर्षं तिथेच असतील तर व्यवस्था बरी आहे.
- जुन्या मेंबरांना पार्किंगमध्ये गाठा. सेल्स ऑफिसपेक्षा खरं तिथे कळतं.
- घरापासून अंतर बघा. दूरच्या भारी मैदानापेक्षा पंधरा मिनिटांवरच्या बऱ्या मैदानावर माणूस जास्त जातो.

करारात काय वाचायचं?

रक्कम परत मिळणारी आहे का? मिळणार तर कधी, आणि क्लब विकला गेला तर कोण देणार? मेंबरशिप दुसऱ्याला विकता येते का, आणि ट्रान्सफर फी किती? मलेशियात विकता येणाऱ्या मेंबरशिपचा सेकंड-हँड बाजारच आहे. तिथे नवी घेण्याआधी जुनीचा भाव विचारावा. वार्षिक मेंटेनन्स वाढवायला काही मर्यादा आहे का? जोडीदाराचं काय? आजारपणात मेंबरशिप काही महिने थांबवता येते का? सीझनमध्ये खेळायची वेळ मेंबरला आधी मिळते की टूर कंपन्यांना?

आणि एक प्रश्न कुणीच विचारत नाही: जमीन कुणाची आहे? सिंगापूरचं उदाहरण घ्या. क्वालालंपूरच्या हायस्पीड रेल्वेसाठी सरकारने जुरोंग कंट्री क्लबची आणि रॅफल्स कंट्री क्लबची जमीन ताब्यात घ्यायचं ठरवलं. जुरोंग 2016 मध्ये बंद झाला, रॅफल्स 2018 मध्ये. पुढे ती रेल्वे योजनाच तेव्हा रद्द झाली, पण क्लब गेले ते गेलेच. लाइफटाइम म्हणजे कुणाचं लाइफ, तुमचं की क्लबच्या लीजचं? हे कागदावर बघा.

गाव बदललं की गणित बदलतं

चियांग माईला मैदानं सुंदर आहेत, पण साधारण फेब्रुवारी ते एप्रिल शेतं आणि जंगलं पेटवल्याचा धूर असतो. बरेच जण त्या काळात गाव सोडतात. म्हणजे वार्षिक मेंबरशिपचे दोन-तीन महिने कमी धरा. पोर्तुगालच्या अल्गार्व्ह भागात कॅडीची सक्ती नाही, ट्रॉली ओढत खेळता येतं, पण वसंत आणि शरद ऋतूत ग्रीन फी चढते. थायलंडचा हिशोब तिथे जसाच्या तसा लावू नका. बिल फोडायची पद्धत मात्र तीच.

मामांनी काय केलं?

पहिलं वर्ष भाड्याचा फ्लॅट आणि मेंबरशिप नाही. सहा मैदानं फिरले, प्रत्येक राउंड डायरीत लिहिला. वर्षाअखेर मोजले तर आठवड्याला तीनच्या जवळ निघाले, आणि त्यातले बरेचसे घराजवळच्या एकाच मैदानावर. मग दुसऱ्या वर्षी त्याच मैदानाची वार्षिक मेंबरशिप घेतली. सातव्या महिन्यात गुडघा धरला आणि चार महिने खेळ बंद. त्या वर्षी थोडा तोटा झाला, खोटं कशाला सांगू. पण तो काही हजार बाटांचा होता. नऊ लाखांचा नव्हता.

आता तुमचा गृहपाठ. धंद्यासाठी तुम्ही आगाऊ पैसे भरणार असाल असा एक करार समोर घ्या आणि वहीत चार ओळी लिहा: यातून नक्की कोणता खर्च वाचतो, सरासरी दराने ब्रेक-इव्हन किती, माझा खरा वापर किती, आणि मला किती काळाची खात्री आहे. चौथ्या ओळीतला आकडा कराराच्या मुदतीपेक्षा छोटा आला, तर पेन खाली ठेवा आणि छोट्या मुदतीचा भाव विचारा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!