नभोवाणी, लोकरुची आणि श्रोत्याचे स्वातंत्र्य

कलेच्या संदर्भात व्यक्तिस्वातंत्र्याचा विचार करताना आपल्याकडे बहुधा कलावंताचे स्वातंत्र्यच अभिप्रेत असते. १८७६ चा नाट्यप्रयोगविषयक कायदा, १९१० मध्ये 'कीचकवधा'वर आलेली बंदी, १९७२ मध्ये 'सखाराम बाइंडर'च्या निमित्ताने उच्च न्यायालयापर्यंत गेलेला वाद, ही ह्या चर्चेतील नेहमीची उदाहरणे होत. परंतु ज्याच्यासाठी कला निर्माण होते त्या रसिकाला स्वतःचे असे काही स्वातंत्र्य असते काय, आणि असल्यास त्याची मर्यादा कोणी ठरवावयाची, हा प्रश्न तुलनेने दुर्लक्षित राहिला आहे. भारतीय नभोवाणीच्या इतिहासातील १९५२ ते १९५७ हा कालखंड ह्या प्रश्नावर विशेष प्रकाश टाकतो.

ह्या कालखंडाची पार्श्वभूमी प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. ध्वनिक्षेपणाचा अधिकार त्या वेळी सर्वस्वी सरकारच्या हाती होता. ग्रंथ एका प्रकाशकाने नाकारला तर दुसऱ्याकडे जाता येते. नाटक एका नाट्यगृहात झाले नाही तर दुसऱ्या गावी होऊ शकते. नभोवाणीच्या बाबतीत देशात असा दुसरा दरवाजाच नव्हता. तेव्हा कार्यक्रम निवडणारा अधिकारी केवळ निवड करीत नसे. त्याने जे वगळले ते ह्या माध्यमापुरते अस्तित्वातच राहत नसे. अशा स्थितीत अभिरुचीविषयीचे एखादे मत सहजच नियमाचे रूप घेते.

१९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत त्या पदावर राहिले. पुण्यात जन्मलेले आणि पॅरिस येथे उच्च शिक्षण घेतलेले केसकर हे संगीताची आस्था असलेले गृहस्थ होते. संस्थानांचा आश्रय नष्ट झाल्यावर अभिजात संगीताचा सांभाळ शासनाने केला पाहिजे, अशी त्यांची प्रामाणिक धारणा होती. तिचे सुपरिणामही नाकारता येणार नाहीत. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि आकाशवाणीचे वाद्यवृंद ह्यांचा आरंभ १९५२ मध्ये झाला. १९५४ पासून नभोवाणी संगीत संमेलने भरू लागली. ज्या खेड्यात एखादा थोर गवई कधीही गेला नसता तेथे त्याचा आवाज पोहोचला, आणि अनेक कलावंतांना नियमित अर्थप्राप्तीचे साधन मिळाले.

तथापि ह्याच धोरणाची दुसरी बाजू निषेधाची होती. चित्रपटगीते ही उथळ, पाश्चात्त्य तालांनी बिघडलेली आणि अभिरुचीला घातक आहेत, असे केसकरांचे मत होते. आज ज्याला ढोबळपणे 'बंदी' म्हटले जाते ती एका आज्ञेने आली असे मात्र नव्हे. प्रथम चित्रपटगीतांचे प्रमाण कमी करण्यात आले, गीतांची छाननी सुरू झाली, आणि चित्रपटाचे नाव उच्चारणे म्हणजे त्याची जाहिरात करणे होय, ह्या कारणास्तव ते गाळले जाऊ लागले. ह्यावर निर्मात्यांनी आपल्या गीतांच्या प्रक्षेपणाची अनुमती काढून घेतली. परिणामी हिंदी चित्रपटगीत आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीसे झाले.

नभोवाणीचा हा स्वभाव केवळ एका मंत्र्याचा नव्हता. हार्मोनियम हे वाद्य स्थिर स्वरांचे असल्याने श्रुती व मींड ह्यांस न्याय देऊ शकत नाही, ह्या आक्षेपावरून १९४० मध्येच, म्हणजे ब्रिटिश अमदानीत, ते आकाशवाणीतून हद्दपार झाले होते. १९७१ मध्ये काही प्रमाणात त्याचा पुनःप्रवेश झाला. आक्षेप शास्त्रदृष्ट्या निराधार नव्हता. परंतु मराठी संगीत नाटकाचा अर्धा संसार ज्या पेटीच्या आधाराने उभा राहिला आणि गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंतांनी जिला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून दिली, तिच्याविषयीचा वाद मैफिलीत आणि ग्रंथांत चालू राहण्याऐवजी कार्यालयात निकालात निघाला. दोष आहे तो येथे. सौंदर्यविषयक मत चुकीचे असू शकते, बरोबरही असू शकते. ते आज्ञेत रूपांतरित झाले की त्याची तपासणीच थांबते.

श्रोत्यांनी ह्या धोरणाला दिलेले उत्तर सर्वश्रुत आहे. त्यांनी सभा भरविल्या नाहीत. त्यांनी यंत्राची कळ फिरविली. सिलोनमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील एक प्रबळ प्रक्षेपण केंद्र होते आणि त्याच्या लघुलहरी भारतभर ऐकू येत. रेडिओ सिलोनच्या व्यापारी विभागाने ही संधी साधली. डिसेंबर १९५२ मध्ये 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. तिचे ध्वनिमुद्रण मुंबईत होई आणि फिती कोलंबोस पाठविल्या जात. म्हणजे मुंबईत तयार झालेली गाणी, मुंबईच्याच अमीन सयानी ह्यांच्या निवेदनासह, समुद्रापलीकडे जाऊन पुन्हा मुंबईच्या चाळींत परत येत. दर बुधवारी रात्री आठ वाजता हा कार्यक्रम ऐकण्यासाठी उपाहारगृहांसमोर आणि शेजाऱ्यांच्या ओसरीवर माणसे जमत. गावोगावी श्रोतृसंघ स्थापन झाले आणि त्यांच्या पसंतीस गीतांच्या क्रमवारीत स्थान मिळाले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने स्वतःच 'विविध भारती' सुरू करून चित्रपटगीतांना दार उघडले. त्या वेळी मंत्रिपदावर केसकरच होते, ही गोष्ट लक्षणीय आहे.

ह्या घटनाक्रमाचा अर्थ 'शासन हरले आणि जनता जिंकली' एवढाच लावणे अपुरे ठरेल. पहिली गोष्ट अशी की, सिलोनवरील स्वातंत्र्य निरपेक्ष नव्हते. त्याचा खर्च एका दंतमंजनाच्या उत्पादकाने उचलला होता, आणि क्रमवारीचा मुख्य आधार तबकड्यांचा खप हा होता. ज्याच्याजवळ तबकडी विकत घेण्याइतके पैसे नव्हते त्याची आवड त्या गणतीत क्वचितच उतरे. शासनाच्या शिस्तीतून सुटलेला श्रोता बाजाराच्या हिशेबात आला. तरीही ह्या दोन बंधनांत एक भेद आहे. बाजाराने पुढे केलेले गाणे ऐकण्याची सक्ती नव्हती, आणि ते नको असेल त्याला आकाशवाणीवरील ख्याल त्याच यंत्रावर उपलब्ध होता. स्वातंत्र्य कोणत्याही एका केंद्राने दिले नाही. ते दोन केंद्रे असण्यातून निर्माण झाले.

दुसरी गोष्ट आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर दिसून येते. १९५५ च्या रामनवमीस ह्या केंद्रावरून 'गीतरामायणा'चा आरंभ झाला आणि वर्षभरात ५६ गीते प्रसारित झाली. कवी ग. दि. माडगूळकर आणि संगीतकार सुधीर फडके हे दोघेही चित्रपटसृष्टीत कीर्ती मिळविलेले होते. ज्या कलावंतांच्या व्यवसायाकडे खाते संशयाने पाहत होते त्यांच्याच हातून त्या खात्याची सर्वांत लोकप्रिय मराठी निर्मिती झाली. तसेच १९५२ च्या 'बैजू बावरा' चित्रपटात उस्ताद अमीर खाँ आणि पंडित द. वि. पलुस्कर गायले होते. अभिजात आणि लोकप्रिय ह्यांच्यामधील कागदावर स्पष्ट दिसणारी सीमारेषा गायकांच्या गळ्यात तशी नव्हती. 'गीतरामायणा'च्या यशाचे मर्म असे की, तेथे शासकीय माध्यमाने काही हिरावून घेतले नाही. काही नवे देऊ केले. अभिरुची उंचावण्याचा हा मार्ग श्रोत्याच्या स्वातंत्र्याशी पूर्णपणे सुसंगत आहे.

आता स्मरणरंजनाचा प्रश्न राहतो. १९५० नंतरच्या दशकातील चित्रपटगीते आज 'सुवर्णयुगा'ची म्हणून गौरविली जातात आणि त्यांच्या माधुर्याची तुलना करून आजच्या संगीतास गोंगाट ठरविले जाते. जे संगीत त्या काळी उथळ, संकरित आणि तरुणांना बिघडविणारे मानले गेले तेच आज शुद्धतेचे प्रमाण झाले आहे. 'अलबेला' (१९५१) मधील चितळकर रामचंद्र ह्यांच्या ज्या पाश्चात्त्य ठेक्यांवर नाके मुरडली गेली असतील, तेच ठेके आज जुन्या सज्जन काळाची खूण म्हणून ऐकले जातात. हा पालट एका पिढीच्या आत घडावा, ही गोष्ट अभिरुचीच्या नावाने नियम करणाऱ्यांना सावध करणारी आहे. मात्र तीच गोष्ट स्मरणरंजनात रमणाऱ्यांनाही लागू पडते. कारण आपल्या तारुण्यातील गाणी हेच संगीताचे शिखर असे मानणारा मनुष्य केसकरांचीच भूमिका वेगळ्या पिढीच्या वतीने मांडीत असतो.

स्मरणरंजनाचा आणखी एक धोका म्हणजे ते निवडक असते, आणि ती निवड नेहमीच आठवणाऱ्याची नसते. २०१७ मध्ये एका ध्वनिमुद्रण कंपनीने जुन्या रेडिओसारखे दिसणारे व सुमारे ५,००० गाणी आधीच भरलेले एक यंत्र बाजारात आणले. ते अतिशय लोकप्रिय झाले. त्यात काय असावे हे मुख्यतः कंपनीकडे कोणत्या गीतांचे हक्क आहेत ह्यावर ठरले. रूप रेडिओचे राहिले. परंतु खरखरीतून दूरचे केंद्र शोधणारा हात, आणि त्या शोधामागील लहानशी अवज्ञा, ही त्या रूपातून निघून गेली. गाणी स्मरणात राहिली आणि ती ऐकण्याचा हक्क कसा मिळाला हे विस्मरणात गेले, तर त्या स्मरणाचे मूल्य निम्मे उरते.

फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले, आणि त्यांवर शासनाची वा अन्य कोणाची मक्तेदारी असू नये, असा अभिप्राय दिला. राज्यघटनेतील भाषणस्वातंत्र्यात माहिती व विचार ग्रहण करण्याचे स्वातंत्र्यही अंतर्भूत आहे, हे तत्त्व त्या निर्णयाने दृढ केले. सामान्य श्रोत्यांनी ते तत्त्व १९५२ मध्येच, कोणत्याही कलमाचा आधार न घेता, आचरणात आणले होते.

सारांश, अभिजात कलेला आश्रय देणे हे शासनाचे कर्तव्य मानले तरी त्यातून इतर कलेस मज्जाव करण्याचा अधिकार निष्पन्न होत नाही. आश्रयाची चूक पुढच्या पिढीला दुरुस्त करता येते, कारण चांगले-वाईट दोन्ही तिच्यापुढे असते. मज्जाव यशस्वी झाला असता तर आज ज्या गीतांविषयी हा वाद आहे त्यांतील कित्येक बहुसंख्य श्रोत्यांच्या कानांवर आलीच नसती, आणि त्यांच्याविषयी मत बनविण्याचा प्रसंगही उद्भवला नसता.