पालिकेची जागा विकून घरं स्वस्त होतात का?

मंडळी, पूर्णेसारख्या गावात हा विषय काढला की पहिला प्रश्न येतो, 'रेल्वेच्या एवढ्या मोकळ्या जागेवर घरं का बांधत नाहीत?' त्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. ती जागा नगर परिषदेची नाही, केंद्राची आहे. तिच्या व्यापारी विकासासाठी रेल्वेचं वेगळं प्राधिकरण आहे आणि ते सहसा जागा विकत नाही, भाडेपट्ट्याने देतं. विक्रीपेक्षा भाडेपट्टा, हा मुद्दा आज आपल्याला पुन्हा लागणार आहे.

आता थोडा हिशेब करू. आकडे समजायला घेतलेले आहेत, कुठल्या जागेचा भाव म्हणून धरू नका. समजा पालिकेकडे 40 गुंठे, म्हणजे एक एकर, जादा जमीन आहे. भाव चौरस फुटाला 500 रुपये. 43,560 चौरस फुटांचे झाले 2 कोटी 17 लाख 80 हजार. रस्ते, नाल्या, मोकळी जागा यात निम्मी गेली. उरलेल्यात 450 चौरस फुटांचे 48 प्लॉट पडतात. प्रत्येकावर जमिनीचाच खर्च साडेचार लाखांच्या वर! आणि प्रधानमंत्री आवास योजनेत (2015 ची, शहरी) स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला आपल्या राज्यात मिळत होते अडीच लाख: केंद्राचे दीड, राज्याचा एक. म्हणजे वीट लागायच्या आधीच अनुदान जमिनीत गेलं की नाही? लिलावात जास्तीत जास्त बोली मागायची आणि घर मात्र स्वस्त हवं, हे दोन्ही एकाच वेळी जमत नाही हो.

याचा मोठा धडा मुंबईच्या गिरण्यांनी दिला. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58 व्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे ठरवले: एक मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. 2001 साली नियम बदलला. वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जागेची. शेड पाडून मोकळी होणारी जागा त्यातून वगळली. गिरणीत शेडच जास्त, मोकळी जागा किती असणार? त्यामुळे सार्वजनिक वाटा आटला. उच्च न्यायालयाने 2005 मध्ये हा बदल अडवला, पण मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. दरम्यान 2005 मध्ये मुंबई टेक्सटाईल मिल 702 कोटींना गेली. सरकारी महामंडळाला पैसा मिळाला, हे खरं. पण 2012 मध्ये गिरणी कामगारांची पहिली सोडत निघाली तेव्हा घरं होती 6,925 आणि अर्ज दीड लाखाच्या आसपास. आम्हाला विचाराल तर सगळा खेळ त्या एका शब्दात होता: 'मोकळी' म्हणजे नेमकं काय?

म्हणून तुमच्या सभागृहात असा ठराव आला तर भाषणं सोडा, शब्द वाचा. नगर परिषद अधिनियम, 1965 च्या कलम 92 खाली पालिकेला आपली स्थावर मालमत्ता मनाला येईल तशी देता येत नाही. वरची मंजुरी लागते. विक्री आहे की भाडेपट्टा? सिडकोने नवी मुंबईत प्लॉट 60 वर्षांच्या पट्ट्याने दिले, सिंगापुरात सरकारी फ्लॅट 99 वर्षांच्या पट्ट्यावर असतात. घरं दोन्हीकडे झाली, जमीन मात्र सार्वजनिकच राहिली. लाभार्थी कोण, ते ठरावातच लिहिलंय की 'नंतर ठरवू'? आणि घर मिळालेल्याने दोन वर्षांत ते विकलं तर? सरकारी जमिनीच्या सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग 2' असा शेरा असतो, परवानगीशिवाय विकता येत नाही. तसा अडसर पालिकेच्या करारातही घालता येतो.

आणखी एक. ज्यांची घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत पण कागद नाही, त्यांना हे अडीच लाख मिळायलाच अडचण, कारण अट जागेच्या मालकीची. एका घराला लागते साधारण अर्ध्या गुंठ्याची जागा. नवीन एकर विकायच्या आधी अशा घरांची मोजणी करून पट्टे देता येतील का, हे मुख्याधिकाऱ्यांना लेखी विचारा आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.