सिगेरिकचा दहावा मुक्काम

इटलीतल्या सान क्विरिको दोर्चा गावातून पहाटे निघालो तेव्हा चर्चच्या दारातले दगडी सिंह अजून अंधारातच होते. दिवसभरात बत्तीसएक किलोमीटर चालून रादिकोफानीचा डोंगर गाठायचा होता. पाठीवरच्या पिशवीत पाणी, पाव आणि मेंढीच्या दुधाचं चीज; डोक्यात तीन आकडे. बारा, अकरा, दहा.

कँटरबरीचा आर्चबिशप सिगेरिक इ.स. 990 मध्ये रोमला गेला होता. आर्चबिशपपदाची खूण असलेली लोकरी पट्टी पोप पंधरावे जॉन यांच्या हातून घ्यायची होती. परतीच्या वाटेवरच्या मुक्कामांची यादी बहुधा त्याच्या सोबतच्या कुणीतरी लिहून ठेवली. रोमपासून इंग्लिश खाडीपर्यंत ऐंशीच्या आसपास नावं. तिची अकराव्या शतकातली प्रत लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. रोममध्ये पाहिलेली 23 चर्चं आणि पोपबरोबर घेतलेलं एक जेवण एवढं सोडलं तर तिच्यात दुसरं काही नाही. ना डोंगर, ना पाऊस, ना पायाचे फोड.

कँटरबरी ते रोम ही ‘व्हिया फ्रान्चिजेना’ आज ओळखली जाते ती या यादीमुळे. युरोप परिषदेनं 1994 मध्ये तिला सांस्कृतिक मार्गाचा दर्जा दिला. पण सिगेरिकनं मार्ग सांगितलेलाच नाही, सांगितले ते मुक्काम. मला ही यादी त्यासाठीच मोलाची वाटते. मध्ययुगात इथे एक रस्ता असा नव्हताच. नदीला पूर आला, एखाद्या सरदारानं जकात वाढवली, की माणसं शेजारच्या खोऱ्यातून जात. रात्री अंथरूण कुठे मिळेल, हे ठाऊक असलं म्हणजे झालं.

यादी रोमपासून मोजलेली असल्यानं रोमकडे चालणाऱ्याला आकडे उतरत्या क्रमानं भेटतात. सान क्विरिको बारावा. तिथून लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या खुणा धरून टेकडी ओलांडली की बान्यो विन्योनी. या गावाच्या चौकात फरसबंदी नाही, गरम पाण्याचा मोठा दगडी हौद आहे. सकाळच्या गारव्यात त्यावर वाफ तरंगत होती. सिएनाची संत कातेरीना इथे येऊन गेली होती. दिग्दर्शक तार्कोव्हस्कीनं 1983 च्या ‘नोस्तॅल्जिया’ या चित्रपटातला नायक याच हौदाकाठी आणला. हौदातलं पाणी पुढे कड्यावरून उतरतं, आणि त्यावर एके काळी खडकात कोरलेल्या पिठाच्या गिरण्या चालत.

ओर्चा नदी ओलांडल्यावर सावली संपते. ही जमीन म्हणजे कधीकाळच्या समुद्राचा तळ. राखाडी चिकणमाती, उन्हात भेगाळणारी, पावसात बुटाला किलो-किलोनं चिकटणारी. 1950 नंतर बटईची शेती मोडली, कुळं शहरांकडे गेली आणि ओस पडलेल्या वाड्यांत सार्डिनियाचे मेंढपाळ येऊन राहिले. पिशवीतलं चीज त्यांच्याच परंपरेतलं. 2004 मध्ये या खोऱ्याला जागतिक वारशाचा मान मिळाला. सुरूच्या रांगांची छायाचित्रं जगभर गेली. त्यांत ही रिकामी घरं फारशी दिसत नाहीत.

अकरावा मुक्काम, यादीतलं ‘आब्रिकुला’, म्हणजे आजचं ले ब्रिक्कोले. दगडी घरं आणि एक जुनं देवघर, बस्स. मी तिथे अर्धा तास बसलो. हजार वर्षांपूर्वी इंग्लंडच्या आर्चबिशपाला निवारा देणाऱ्या जागी आता एक झोपलेलं कुत्रंसुद्धा नव्हतं. समोर मात्र आमिआता पर्वत होता, दिवसभर असतो. त्याच्यावरच्या मठाच्या इ.स. 876 च्या दस्तऐवजात ‘फ्रान्चिजेना’ हे नाव सापडतं.

मग दहावा? तो माझ्या वाटेवर नव्हताच. सिगेरिक पाल्या नदीच्या खोऱ्यातून आला होता, त्याचा दहावा मुक्काम त्या काठी. पुढे रादिकोफानीच्या किल्ल्यानं वाहतूक वर ओढून घेतली. आजचा हमरस्ता पुन्हा खाली खोऱ्यात उतरलाय, आणि चढणीची जुनी वाट चालणाऱ्यांसाठी मोकळी राहिली आहे.

तेराव्या शतकाच्या अखेरीस हा किल्ला गीनो दी ताक्को या सरदार घराण्यातल्या लुटारूच्या ताब्यात होता. दान्तेनं ‘पुर्गातोरिओ’त त्याचं नाव घेतलं. बोकाच्योनं ‘देकामेरोन’मध्ये त्याची गोष्ट सांगितली: पोटदुखीवर उपाय म्हणून गरम पाण्याच्या झऱ्यांकडे निघालेल्या क्लुनीच्या मठाधिपतीला गीनो पकडतो आणि भाजलेला पाव व थोडी वाइन एवढ्यावर ठेवून बरा करतो. खूश झालेला मठाधिपती पोपकडे त्याची रदबदली करतो. लुटारूचीही आठवण राहिली ती पाहुण्याला काय खाऊ घातलं त्यावरून.

शेवटचे दहा किलोमीटर चढणच. ना दुकान, ना नळ. जवळजवळ 800 मीटर उंचीवर गाव लागलं तेव्हा दिवे लागले होते. यात्रेकरूंच्या धर्मशाळेत एका स्वयंसेवकानं आधी माझ्या यात्रापुस्तिकेवर शिक्का मारला, मग बाकावर बसायला सांगितलं. बूट काढ, म्हणाला. खांद्यावर छोटा झगा घालून तो गुडघ्यावर बसला. पितळी भांड्यातलं कोमट पाणी त्यानं माझ्या पायांवर ओतलं आणि पंच्यानं पाय पुसले. ओर्चाकाठची माती परातीत उतरली होती. आत कुणीतरी ताटं मांडत होतं.