लहान विहारनौकेवरील प्रवास

श्रोतेहो, मी ज्या देवणी गावचा, त्या गावाचा आणि समुद्राचा संबंध शोधू जावे तर तो सापडणे कठीण. लातूर जिल्ह्याच्या आग्नेय अंगास, कर्नाटकाच्या सीमेला खेटून वसलेले हे गाव आपणांपैकी पशुपालकांस तेथील काळ्या-पांढऱ्या गोवंशामुळे ठाऊक असेल. इतरांस ते ठाऊक असण्याचे काही कारण नाही. आमच्या भागातून वाहणारी मांजरा बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरात उगम पावते, पुढे गोदावरीस मिळते, आणि तिचे पाणी अखेरीस पूर्वसमुद्रास जाते. म्हणजे जो समुद्र आम्हांस त्यातल्या त्यात जवळचा, त्याच्याकडे आमच्या नदीनेही पाठच फिरविलेली आहे. अशा गावच्या माणसाने जलप्रवासावर बोलावे हे थोडेसे धाडसाचेच. परंतु ज्याच्या घरी पाण्याची घागर मोजून भरतात, त्यास जहाजावर काही गोष्टी इतरांहून आधी दिसतात, एवढाच माझा अधिकार समजावा.

मुंबई ते गोवा या जलमार्गावर 'आंग्रिया' नावाची विहारनौका ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झाली. हल्ली अशा प्रवासास सर्रास 'क्रूझ' म्हणतात. कान्होजी आंग्रे यांचे नाव मिरविणारी ही नौका मूळची जपानी. १९९७ साली ती बांधली गेली, आणि टोकियोपासून ओगासावारा बेटांपर्यंत उतारूंची ने-आण करण्यात तिचे पूर्वायुष्य गेले. लांबी १३१ मीटर, उतारू चारशेच्या आत. दुपारी चारच्या सुमारास मुंबईचा धक्का सोडावा आणि दुसरे दिवशी सकाळी मुरगावास लागावे, असा तिचा क्रम होता. २०२० च्या महासाथीत ही सेवा थांबली ती थांबलीच. तिच्यावरून प्रवास करण्याचा योग मला २०१९ च्या जानेवारीत आला, तोही आईसह. तिचे वय तेव्हा एकाहत्तर. समुद्र तिने तोपर्यंत चित्रातच पाहिला होता.

जहाज लहान की मोठे, हा प्रश्न वरवर दिसतो तितका क्षुल्लक नाही. जानेवारी २०२४ मध्ये 'आयकॉन ऑफ द सीज' नावाचे प्रचंड जहाज अमेरिकेतून सफरीस निघू लागले. ते पूर्ण भरले म्हणजे साडेसात हजारांवर उतारू आणि दोन हजारांवर नोकरचाकर त्यावर असतात. आमच्याकडचे एखादे बाजारपेठेचे गाव उचलून पाण्यावर ठेवावे तसा हा प्रकार. तेथे समुद्र दिसतो, परंतु मुद्दाम उठून पाहावयास गेले तरच. एरवी दुकाने, नाटकगृहे आणि माणसे यांतच दिवस सरतो. लहान जहाजावर समुद्राला टाळताच येत नाही. कोणत्याही दारातून बाहेर पडा, पन्नास पावलांत कठडा आणि कठड्यापलीकडे पाणी. शिवाय लहान नौका जेथे जाऊ शकते तेथे मोठी जाऊ शकत नाही. उथळ बंदरे, चिंचोळ्या खाड्या, बेटांमधले अरुंद मार्ग हे सर्व तिचेच राज्य. अंटार्क्टिकाच्या बाबतीत तर २००९ साली तहातील राष्ट्रांनी असे ठरविले की, पाचशेंहून अधिक उतारू असलेल्या जहाजाने तेथे कोणासच किनाऱ्यावर उतरवू नये, आणि लहान जहाजानेही एका वेळी शंभरांहून अधिकांस उतरवू नये. लहानपणास कायद्याने मान मिळाल्याचे हे एक दुर्मीळ उदाहरण होय.

मात्र लहानपणाचे मोल उतारूच्या पोटास द्यावे लागते. 'बोट लागणे' हा शब्दप्रयोग कोकणातील मंडळींस जन्मापासून परिचित. आम्हांस तो पुस्तकी. याचे कारण पोटात नसून कानात आहे. आपल्या अंतःकर्णात तोल जाणणारे एक इंद्रिय असते. जहाज डोलू लागले की ते मेंदूस सांगते, आपण हलत आहोत. खोलीत बसलेले डोळे सांगतात, भिंत तर स्थिर आहे. या दोन साक्षींचा मेळ बसत नाही, आणि त्याचा दंड जठरास होतो. उपाय यावरूनच सुचतो. उघड्यावर यावे आणि दूर क्षितिजावर नजर ठेवावी, म्हणजे डोळे आणि कान यांची साक्ष एक होते. निजण्याची जागा मागावयाची झाल्यास जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर मागावी. कारण फळीच्या झोपाळ्याची टोके जितकी वरखाली होतात तितका तिचा मध्य होत नाही. पुष्कळ आधुनिक जहाजांच्या पोटाशी, पाण्याखाली, माशाच्या परांसारखे दोन पंख असतात. ते यंत्राने वळवून डावे-उजवे डोलणे पुष्कळ कमी करता येते. पुढचे-मागचे हेलकावणे मात्र त्यांनी फारसे थांबत नाही. आईस बोट लागली नाही. बैलगाडीच्या प्रवासात हयात गेलेल्यांस ती लागत नसावी, असा माझा तर्क आहे. वैद्यांनी तो हसून सोडून द्यावा.

धक्का सोडण्याच्या सुमारास सर्व उतारूंस एका ठिकाणी जमवून प्राणरक्षक जाकीट कसे बांधावे, कोणत्या नौकेकडे धावावे, हे शिकवितात. सात आखूड आणि एक लांब असा भोंगा हा संकटाचा इशारा. कित्येकांस हा उपचार कंटाळवाणा वाटतो. काही तर त्या वेळी स्वतःची छायाचित्रे काढण्यात गुंग असतात. परंतु या नियमांमागे मोठी किंमत मोजलेली आहे. टायटॅनिक १९१२ साली बुडाली, तेव्हा १९१४ मध्ये राष्ट्रांनी एकत्र येऊन जहाजावरील सुरक्षिततेचा पहिला करार केला. इटलीच्या किनाऱ्यालगत 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' २०१२ मध्ये कलंडली, त्यानंतर ही कवायत निघण्यापूर्वी अथवा निघताच झालीच पाहिजे असा दंडक आला. आणि इतके दूर जावयास नको. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' आगबोट रेवस गाठण्यापूर्वीच वादळी पाण्यात बुडाली, आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. आमचे जहाज त्याच बाजूने दक्षिणेकडे वळले, तेव्हा कठड्याशी उभे असलेले एक वृद्ध गृहस्थ टोपी काढून क्षणभर स्तब्ध राहिले. त्यांचे कोण गेले होते हे मी विचारले नाही.

याच मार्गाने एके काळी सबंध कोकण मुंबईस ये-जा करीत असे. भाऊच्या धक्क्यावरून निघावे, वळकटी पसरून फळीवर निजावे, आणि हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग अशी बंदरे घेत घेत आपल्या गावी उतरावे. ज्या बंदरी आगबोट काठाला लागत नसे, तेथे पडाव येत, आणि बायकामुलांस हातोहात त्यांत उतरवीत. तो प्रवास विलासाचा नव्हता, गरजेचा होता. रस्ते आणि रेल्वे आल्यावर ती गरज सरली. आंग्रियेवर निजण्याची सोय एका माणसापुरत्या खोपीपासून कुटुंबाच्या खोलीपर्यंत होती. जेवणाची, संगीताची, पोहण्याच्या टाक्याची व्यवस्था होती. परंतु ज्यास पूर्वी वळकटीवाला उतारू म्हणत, त्याच्यासारख्या माणसास हे भाडे सहज पेलण्याजोगे नव्हते. आम्हीही एकदाच गेलो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. सूर्यास्त झाला. दक्षिणेस जाताना तो उजव्या हातास दिसतो, हे जाणाऱ्याने लक्षात ठेवावे. किनारा आणि त्यावरील दीपगृहे पाहावयाची तर डावी बाजू धरावी. आई पुष्कळ वेळ काहीच बोलली नाही. मग तिने एका खलाशास विचारले, "लेकरा, एवढं पाणी हाय खरं, पण प्यायचं कुठनं आणतेत?"

तो तरुण थबकला. बहुधा हा प्रश्न त्यास यापूर्वी कोणी केला नसावा. "आजी, काही बंदरावर भरून घेतात, काही जहाजं समुद्राचंच गोड करतात," तो म्हणाला.

श्रोतेहो, त्याचे म्हणणे बरोबर आहे, परंतु ते थोडे उलगडून सांगावयास हवे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते पिऊन तहान भागत नाही, वाढते. कारण तेवढे क्षार बाहेर टाकण्यास मूत्रपिंडांस प्यालेल्याहून अधिक पाणी लागते. ते गोड करण्याच्या दोन रीती आहेत. पहिली ऊर्ध्वपातनाची. बंद पात्रातील हवा उपसून काढली की आतील पाणी शंभर अंशांची वाट न पाहता चाळीस-साठ अंशांवरच उकळू लागते. एवढी उष्णता तर जहाजाच्या एंजिनास थंड ठेवून परतणाऱ्या पाण्यात आयतीच असते. एरवी ती वाया जावयाची. वाफ थंड केली की गोड पाणी, मागे राहिले ते अधिक खारट, ते पुन्हा समुद्रात. दुसरी रीत अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्याची. खारे पाणी वातावरणाच्या पन्नास-साठ पट दाबाने त्यावर लोटावयाचे, म्हणजे पाणी पलीकडे जाते आणि क्षार अलीकडे राहतात. आपल्या गावोगावी जी 'आर.ओ.'ची यंत्रे बसली आहेत ती याच जातीची, मात्र त्यांस दाब थोडा पुरतो. दोन्ही रीतींत पाणी फुकट मिळत नाही. त्यासाठी तेल जळते, यंत्र झिजते, माणूस राबतो. म्हणून पुष्कळ जहाजांवरील शौचकूप पाण्याच्या लोटाने नव्हे, तर हवेच्या ओढीने रिकामे होतात, आणि त्यास एका वेळी लिटरभर पाणी पुरते. घरोघरच्या जुन्या टाकीस नऊ-दहा लिटर लागत.

सांडपाण्याचाही हिशेब असाच कडक. प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या आत सोडता येत नाही, आणि प्लास्टिक तर समुद्रात कोठेच टाकावयाचे नाही, असे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर, आपल्या मैलाहून थोडा लांब. सर्व नियम सर्व जहाजे पाळतात, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु विलासाची म्हणून जी वस्ती आपण पाहतो, तिच्या तळमजल्यावर एक फार काटकसरी गृहिणी बसलेली असते, हे खरे. मोठ्या जहाजावर ती उतारूच्या दृष्टीस पडत नाही. लहानावर नळाची धार बारीक का, ही चौकशी करता करता तिची गाठ पडते.

वरच्या मजल्यावरील पोहण्याच्या टाक्यापाशी आई उभी राहिली. निळ्या दिव्यांत ते पाणी फार सुंदर दिसत होते. २०१६ साली लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे आपणांस स्मरत असेल. १२ एप्रिलच्या पहाटे पहिली गाडी पाच लाख लिटर घेऊन आली. त्यापूर्वी, मार्चमध्येच, पाण्याच्या टाक्यांभोवती पाचांहून अधिकांनी जमू नये म्हणून तेथे जमावबंदी लागली होती. गाडी शहरापुरती होती. देवणीस आम्ही टँकरची वाट पाहत असू. त्या उन्हाळ्यात आमची विहीर तळाला गेली, आणि आईने वासरांपासून वाढविलेली जोडी आम्ही विकली. ती टाक्याकडे पाहत म्हणाली, "यातलं अर्धं असतं तर जोडी राहिली असती रे."

जहाजांवरील अशी टाकी बहुधा समुद्राच्याच पाण्याने भरतात, हे मी तिला सांगितले. खारे पाणी बैलांस चालले नसते. तिला ते पटले. पण ती तेथून लवकर हलली नाही.

रात्री आम्ही बाहेरच बसलो. दीपगृहांचा एक गुण मला तेव्हा कळला. प्रत्येकाची उघडझाप निराळी असते. कोणी ठरावीक सेकंदांत एकदा, कोणी दोनदा चमकून अंधारात जातो, आणि त्या मोजमापावरून नाविक नकाशात पाहून ठिकाण ओळखतो. आई ती उघडझाप बोटांवर मोजीत बसली. उंची जितकी अधिक तितके क्षितिज दूर. पाण्यापासून वीस मीटरांवरील कठड्यापाशी उभे राहिल्यास ते सुमारे सोळा किलोमीटरांवर असते. देवणीच्या माळावरूनही दृष्टीस अडथळा नाही, परंतु तेथे कोठे ना कोठे एक बाभळ असतेच. सकाळी डाव्या हातास सह्याद्रीच्या मागून सूर्य आला, आणि थोड्या वेळाने मुरगावचा धक्का दिसू लागला.

परतताना आईने गोव्याच्या किनाऱ्यावर एक लिटरची बाटली भरून घेतली. उदगीरपर्यंत ती तिने मांडीवरून खाली ठेवली नाही. घरी आल्यावर नातवंडांना बसवून ते पाणी तिने पितळी परातीत ओतले आणि परात उन्हात ठेवली. जानेवारीचे ऊन कोवळे. सुकावयास चार-पाच दिवस लागले. तळाशी राहिलेले पांढरे पोरांनी बोटाने चाखून पाहिले. उरलेले तिने गाईपुढे धरले, आणि गाईने परात चाटून लख्ख केली.