पाचोऱ्याचा धडा

खानदेशच्या कापूसपट्ट्यात रेल्वेचे दोन फाटे निघाले. चाळीसगाव-धुळे फाटा १९०० साली मुख्य मार्गाच्याच रुंदीचा, म्हणजे ब्रॉडगेज, झाला. धुळ्याला भरलेला डबा तसाच मुंबईपर्यंत जाऊ शके. पाचोरा-जामनेर मार्ग मात्र अडीच फुटी नॅरोगेज. पुढे जाणारा माल पाचोऱ्याला उतरवून दुसऱ्या डब्यात चढविल्यावाचून गत्यंतर नसे. या हमालीचा आणि विलंबाचा भार अखेर मालावरच पडणार. दोष गाडीचा नव्हता. दोन रुळांचे माप जुळत नव्हते.

मोबाइल फोनच्या बाबतीत हाच प्रश्न नव्या रूपाने उभा आहे. संगणकावर मराठी आली तेव्हा निरनिराळ्या फाँटविक्रेत्यांनी अक्षरांना आपापले क्रमांक दिले. एका कार्यालयात टंकलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला की निरर्थक चिन्हे उमटत. १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून ‘इस्की’ प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि पुढे जगाने तेच माप स्वीकारले. ‘पाचोऱ्या’तील ‘ऱ’लाही त्यात स्वतंत्र स्थान आहे. २०१६ मध्ये केंद्र शासनाने मोबाइल फोनसाठी नियम केला: फोनवर बावीसही अनुसूचित भाषांतील मजकूर वाचता यावा आणि इंग्रजी, हिंदी व आणखी किमान एका भारतीय भाषेत लिहिता यावे.

असा नियम करण्याची वेळ का यावी? कारण ग्राहक अडकून राहण्यातच विक्रेत्याचा लाभ असतो. फोन बदलताना छायाचित्रे, टिपणे आणि पत्रव्यवहार मागे राहणार असेल, तर ग्राहक चढा भाव देऊनही जुन्याच दुकानी थांबतो. मग स्पर्धा नावापुरती उरते. उलट २०१६ मध्येच सुरू झालेल्या यूपीआयकडे पाहावे. जळगावच्या भाजीवाल्याला एकच फलक पुरतो; गिऱ्हाइकाचे खाते कोणत्या बँकेत आणि अॅप कोणत्या कंपनीचे, याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

मानकांमुळे नवनिर्मिती खुंटते, असा आक्षेप घेतला जातो. घाईने ठरविलेले मानक जाचक होऊ शकते, हे खरेच. तथापि मानक सांधा ठरविते, यंत्र नव्हे. रुळांची रुंदी ठरली म्हणून इंजिने सुधारण्याचे थांबले नाही. कोळसा जाऊन वीज आली.

जुन्या फाँटांत अडकलेली परिपत्रके आणि प्रश्नपत्रिका आजही फोनवर वाचता येत नाहीत. विद्यार्थ्यासाठी ती नसल्यातच जमा. तेव्हा शाळा, कचेऱ्या व विद्यापीठ यांनी आपले लेखन युनिकोडमध्येच करावे आणि फोन वा सॉफ्टवेअर खरेदी करताना, साठविलेली माहिती खुल्या स्वरूपात बाहेर काढता येईल, ही अट निविदेतच घालावी. एकट्या ग्राहकाचे कंपनीपुढे चालत नाही. शासनासारख्या मोठ्या खरेदीदाराचे चालते. ती अट आज घातली नाही, तर पाचोऱ्याची हमाली पुढच्या पिढीलाही चुकणार नाही.