विद्यापीठाच्या आवारातील केरकचरा व त्याची विल्हेवाट

शैक्षणिक सहल मोठ्या शहरी गेली, म्हणजे मुलांना विद्यापीठाचे आवार दाखविण्याची प्रथा अनेक शाळांत आहे. मुले ग्रंथालय पाहतात, प्रयोगशाळा पाहतात, विस्तीर्ण सभागृह पाहून थक्क होतात. परंतु भोजनगृहाच्या मागील बाजूस जेथे कचऱ्याची गाडी उभी राहते, तेथे त्यांस कोणी नेत नाही. वस्तुतः विज्ञान, गणित व नागरिकशास्त्र या तिन्ही विषयांचा एक उत्तम पाठ त्या जागी मांडून ठेवलेला असतो.

विद्यापीठाचे आवार म्हणजे एक लहानसे गावच होय. तेथे वसतिगृहे असतात, भोजनगृहे असतात, कचेऱ्या, दवाखाना, बागा आणि बांधकामेही असतात. जे गावात निर्माण होते, ते सर्व तेथेही निर्माण होते. भर पडते ती प्रयोगशाळांतील टाकाऊ पदार्थांची. म्हणून तेथील व्यवस्था नीट समजून घेतली, तर तिच्यातील तत्त्वे आपल्या शाळेस व गावासही लावता येतात. त्या हेतूने ही माहिती शिक्षक-बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

1. वेगळे करणे हेच मूळ

केळीची साल, वहीचा कागद व फुटका दिवा ही तीन वेगवेगळी असतील, तर पहिलीचे खत होते, दुसऱ्याचा पुन्हा कागद होतो व तिसरा सुरक्षित जागी पोहोचतो. तिन्ही एका टोपलीत पडली, की सालीच्या ओलाव्याने कागद नासतो, काचेच्या चुऱ्याने खत बिघडते आणि तिन्हींचा मिळून कचरा होतो. तेव्हा कचरा हा पदार्थाचा गुण नसून मिसळण्याचा परिणाम आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. एकदा मिसळलेले पुन्हा निवडण्यास श्रम फार लागतात, आणि ते कोणाच्या तरी उघड्या हातांनी करावे लागतात. म्हणून निवड उगमस्थानीच, म्हणजे ज्याने वस्तू टाकली त्याच्याच हातून, व्हावी हे या शास्त्राचे पहिले सूत्र होय.

भारत सरकारने 2016 साली घनकचरा व्यवस्थापनाचे जे नियम केले, त्यांत हेच सूत्र स्वीकारले गेले. विघटनशील, अविघटनशील व घरगुती घातक असे तीन भाग त्यांनी पाडले. दररोज सरासरी 100 किलोग्रॅमहून अधिक कचरा निर्माण करणाऱ्यांस मोठे कचरानिर्माते ठरविले, आणि त्यांच्या व्याख्येत शाळा, महाविद्यालये, विद्यापीठे व वसतिगृहे यांचा स्पष्ट उल्लेख केला.

2. ओला कचरा : खत आणि वायू

आवारातील ओल्या कचऱ्याचे दोन मोठे उगम असतात. एक बाग व दुसरे भोजनगृह. समजा, एका भोजनगृहात 1,000 विद्यार्थी जेवतात व प्रत्येक जण दिवसाकाठी केवळ 50 ग्रॅम अन्न पानात टाकतो. तर दिवसाचे 50 किलोग्रॅम व तीस दिवसांचे 1,500 किलोग्रॅम, म्हणजे दीड टन अन्न वाया जाते. एका विद्यार्थ्याचा घास लहान दिसतो. बेरीज मात्र लहान राहत नाही. म्हणून सुज्ञ व्यवस्थापक उष्ट्याचे रोजचे वजन भोजनगृहाच्या दाराशीच फळ्यावर लिहून ठेवतात. विल्हेवाटीचा पहिला उपाय कचरा होऊ न देणे हाच होय.

तरीही जे उरते, त्याचे खत करता येते. खत करणारे सूक्ष्म जीव हे आपल्याप्रमाणेच आहारावर जगतात. त्यांस कर्ब व नत्र ही दोन्ही लागतात. कर्बाचे प्रमाण नत्राच्या 25 ते 30 पट असले, म्हणजे त्यांची वाढ उत्तम होते. वाळलेल्या पाचोळ्यात कर्ब अधिक असतो, खरकट्यात व शेणात नत्र तुलनेने अधिक असते. म्हणून नुसता पाचोळा वर्षभर तसाच पडून राहतो, नुसते खरकटे कुजून घाण सुटते, आणि दोन्हींचे थर एकावर एक दिले, तर काही दिवसांतच ढीग आतून तापू लागतो. नीट रचलेल्या ढिगाच्या पोटात 55 ते 65 अंश सेल्सियस इतकी उष्णता निर्माण होते. या उष्णतेने रोगजंतू व तणांचे बी बहुतांशी मरून जाते.

खेड्यातील उकिरड्यास दुर्गंधी का येते, हे यावरून मुलांस सांगता येईल. उकिरड्याच्या पोटात हवा जात नाही. हवेवाचून जगणारे जीव तेथे वाढतात व त्यांच्या क्रियेतून दुर्गंधी सुटते. विदर्भातील पुसद येथील ना. दे. पांढरीपांडे यांनी यावर जो उपाय काढला, तो 'नाडेप' पद्धती म्हणून देशभर गेला. 10 फूट लांब, 6 फूट रुंद व 3 फूट उंच असे विटांचे टाके बांधावयाचे व त्याच्या भिंतींत हवेसाठी झरोके ठेवावयाचे. आत काडीकचरा, शेणाचा काला व माती यांचे थर भरून वर लिपून घ्यावयाचे. पाण्याचा शिडकावा देत राहिले, म्हणजे सुमारे 90 ते 120 दिवसांत खत तयार होते. शेण थोडे व काडीकचरा पुष्कळ अशी परिस्थिती असलेल्या ठिकाणी ही पद्धत विशेष उपयुक्त आहे.

हवेवाचून कुजण्याची क्रिया नेहमीच अनिष्ट असते, असे मात्र नव्हे. बंद टाकीत तीच क्रिया घडवून आणली, तर जो वायू निघतो त्यात साधारणतः 55 ते 65 टक्के मिथेन असतो व तो चुलीस वापरता येतो. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या 'निसर्गऋण' संयंत्रात अन्नाचा कचरा प्रथम दळून पातळ केला जातो. नंतर पहिल्या टाकीत हवा व उष्णता देऊन त्याचे अंशतः पचन करतात, आणि मग तो दुसऱ्या, हवाबंद टाकीत सोडतात. वायू स्वयंपाकघरात परत येतो व उरलेला गाळ खत म्हणून बागेत जातो.

3. कागद

विद्यापीठ म्हणजे कागदाचे माहेरघर. तपासलेल्या उत्तरपत्रिका ठराविक मुदत संपल्यावर गुप्तता राखून लगद्यासाठी दिल्या जातात. कारखान्यात हा कागद पाण्यात घुसळून त्याचा लगदा करतात, साबणासारख्या द्रव्यांच्या व हवेच्या बुडबुड्यांच्या साहाय्याने शाई वेगळी करतात, आणि लगदा जाळीवर पसरून, दाबून, वाळवून पुन्हा कागद करतात. कागद म्हणजे वनस्पतींच्या बारीक तंतूंची वीण. प्रत्येक फेरीत हे तंतू आखूड होत जातात. साधारणतः पाच ते सात फेऱ्यांनंतर ते कागद धरून ठेवण्याजोगे राहत नाहीत. म्हणून जुन्या लगद्यात नवा लगदा मिसळावा लागतो. कागदास तेल लागले असेल, तर ते पाण्याने सुटत नाही व सबंध लगद्यास डाग पडतात. भज्यांचा कागद रद्दीत टाकू नये, याचे कारण हेच.

4. धातू, काच व प्लॅस्टिक

धातू व काच या बाबतीत निसर्ग अधिक उदार आहे. काच वितळवून पुनःपुन्हा घडविता येते. ज्यास खेड्यात आपण 'जर्मन' म्हणतो, ते ॲल्युमिनियम खनिजापासून काढण्यास जितकी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे 95 टक्के ऊर्जा जुने भांडे वितळविल्याने वाचते. जुन्या भांड्यास भंगारात मोल येते ते उगीच नव्हे.

प्लॅस्टिक हा मात्र एक पदार्थ नव्हे, ते एक कुटुंब आहे. बाटलीच्या तळाशी त्रिकोणात जो अंक असतो, तो तिचे कूळ सांगतो. 1 अंक असलेल्या पाण्याच्या बाटल्यांपासून धागा काढून कापड विणले जाते. 2 अंकाच्या डब्यांपासून पुन्हा डबे व नळ्या होतात. भिन्न कुळांची सरमिसळ झाल्यास माल ठिसूळ होतो. खाऊच्या चकचकीत वेष्टनांत निरनिराळ्या पदार्थांचे पापुद्रे एकमेकांस चिकटविलेले असतात. ते सुटे करणे कठीण असल्यामुळे या वेष्टनांस भंगारवालाही हात लावीत नाही.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. शाळेच्या मागे कचरा पेटवून देण्याची सवय पुष्कळ ठिकाणी आढळते. प्लॅस्टिक जाळल्याने ते नाहीसे होत नाही. धूर होऊन मुलांच्या छातीत जाते. 3 अंकाचे प्लॅस्टिक जळताना तर हायड्रोजन क्लोराइड व डायॉक्सिन यांसारखी विषारी द्रव्ये निर्माण होतात. म्हणून कचरा जाळणे ही विल्हेवाट नव्हे.

5. ज्यास हात लावू नये असा कचरा

प्रयोगशाळेतील आम्ले व द्रावणे मोरीत ओतता येत नाहीत. ती नावाची चिठ्ठी लावलेल्या बरण्यांत साठवून, घातक कचरा हाताळण्याचा परवाना असलेल्या केंद्राकडे सोपवावी लागतात. दवाखान्यातील कचऱ्यासाठी 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी पिवळा, लाल, पांढरा व निळा असे रंग ठरवून दिले. त्यांत सुया व पाती पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात टाकावयाची असतात. दांडीच्या दिव्यात पारा असतो, जुन्या विद्युत उपकरणांत शिसे असते. म्हणून त्यांचा संग्रह निराळा होतो. वापरलेले सॅनिटरी नॅपकिन कागदात गुंडाळून वेगळे द्यावे लागतात. पुण्यात त्या पुडीवर लाल ठिपका काढण्याची मोहीम निघाली. उद्देश असा की, उचलणाऱ्या बाईस पुडी उघडून पाहावी लागू नये.

6. वेचणारे हात

आता या विषयाच्या गाभ्याकडे वळू. वर वर्णिलेली कोणतीही क्रिया आपोआप होत नाही. कोणी तरी निवडते, कोणी तरी वाहून नेते. या माणसांचे ऋण एका विद्यापीठाने ओळखले, हे शिक्षकांस अभिमानास्पद वाटावे.

1990 च्या सुमारास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढ व निरंतर शिक्षण विभागातील कार्यकर्त्या पुण्यातील कचरा वेचणाऱ्या मुलांना व स्त्रियांना शिकविण्यासाठी त्यांच्या वस्त्यांत जाऊ लागल्या. त्या शिकविण्यापुरत्या थांबल्या नाहीत; कचऱ्याच्या पेट्यांपर्यंत त्यांच्याबरोबर गेल्या. तेव्हा त्यांच्या ध्यानी आले, की मिसळलेला कचरा उपसण्यात स्त्रियांचा दिवस जातो, हात कापतात, आणि हाती आलेला ओला कागद कवडीमोलाने विकावा लागतो. तोच कागद घरातून कोरडा व निवडलेला मिळाला, तर श्रम निम्म्यावर येऊन मोबदला वाढेल. म्हणून विद्यापीठाने या स्त्रियांना ओळखपत्रे दिली. चोर समजून हाकलली जाणारी बाई त्या पत्राच्या आधाराने दारापर्यंत जाऊन निवडलेला माल मागू शकली. पुढे 1993 साली डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही त्यांची संघटना उभी राहिली. त्या संघटनेतून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निर्माण झाली, व पुणे महानगरपालिकेशी 2008 साली करार करून तिने घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम अंगावर घेतले. साक्षरतेच्या वर्गातून निघालेली ही वाट आहे. मुलास वर्गात आणावयाचे, तर त्याच्या आईचा उकिरड्यातील दिवस बदलला पाहिजे, हे त्या शिक्षिकांनी ओळखले होते.

7. आपल्या शाळेपुरते

यंत्रे व संयंत्रे यांवाचूनही आपणांस पुष्कळ करता येईल.

(अ) एक आठवडाभर शाळेतील कचरा ओला, कागद, प्लॅस्टिक-धातू व घातक असा वेगळा ठेवून ताजव्यावर तोलावा व वजने नोंदवहीत मांडावी. पोषण आहारात 60 मुलांनी प्रत्येकी 20 ग्रॅम अन्न टाकले, तर रोजचे 1 किलो 200 ग्रॅम होते, हे गणित मुलांनी स्वतः करावे.

(आ) शाळेच्या मागे छायेत खड्डा किंवा विटांचे लहान टाके करावे. पाचोळा, खरकटे व शेणमाती यांचे थर मुलांच्या देखत रचावेत, व ढिगात लोखंडी गज खोचून दर दोन दिवसांनी तो बाहेर काढून हातास किती ऊन लागतो ते पाहावे.

(इ) पाठकोरे कागद कच्च्या कामासाठी वापरावेत. रद्दी कोरडी ठेवून विकावी व पैशांचा हिशेब मुलांसमोर मांडावा.

(ई) फुटकी काच, पाती, संपलेले विद्युतघट यांस मुलांनी हात लावू नये. हे काम शिक्षकांनी करावे.

(उ) झाडलोट व कचरा उचलणे यांची पाळी लावताना यादी हजेरीपटाच्या क्रमाने करावी, आणि त्या यादीत शिक्षकाचेही नाव असावे. मुलगा व मुलगी, या वस्तीतला व त्या वस्तीतला, असा भेद त्या यादीत नसावा. काही ठिकाणी झाडू ठराविक मुलांच्याच हाती दिसतो. अशा शाळेत स्वच्छतेचा धडा कितीही चांगला शिकविला, तरी मुले शिकतात ते निराळेच.

अमरावती येथील विद्यापीठास संत गाडगेबाबांचे नाव आहे. गावात शिरताच हाती खराटा घेणाऱ्या त्या पुरुषाने आयुष्यभर मुलांना शाळेत घाला म्हणून सांगितले. खराटा व पाटी या दोन गोष्टींत त्यांस विरोध दिसला नाही. पुढील सहलीत विद्यापीठाची इमारत दाखवून झाल्यावर मुलांना मागील अंगणातही न्यावे, आणि तेथे काम करणाऱ्या माणसाकडून, त्यांस 'दादा' किंवा 'मावशी' म्हणून हाक मारून, कोणता कचरा कोठे जातो हे विचारून घेण्यास सांगावे.